रिकाम्या माळाचा हिशेब

१९६३ साली अमेरिकेत एक योजना कागदावर आली. कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात ब्रिस्टल नावाचे डोंगर आहेत. त्यांच्यातून नवा महामार्ग आणि रेल्वे न्यायची होती. त्यासाठी एका ओळीत २२ अणुस्फोट करून डोंगर फोडायचा, असा प्रस्ताव होता. योजनेचं नाव 'कॅरीऑल'. अमेरिकेचा अणुऊर्जा आयोग, राज्याचं रस्ते खातं आणि सांता फे रेल्वे कंपनी असे तिघे त्यात होते. थट्टा नव्हे, गंभीरपणे आकडेमोड केलेली योजना होती ही.

स्फोट काही झाले नाहीत. नेहमीच्या पद्धतीने डोंगर कापला गेला आणि १९७३ मध्ये 'इंटरस्टेट ४०' या महामार्गाचा तो तुकडा सुरू झाला. अणुबॉम्ब टळले. पण साध्या डांबर-काँक्रीटच्या त्या पट्ट्याने आणि त्याच्या कडेच्या कुंपणाने जे केलं, ते उघडकीला यायला तीस वर्षं गेली.

त्या डोंगरांवर बिगहॉर्न राहतात. बिगहॉर्न म्हणजे रानमेंढ्या. नराची शिंगं कानामागून वळसा घेऊन पुन्हा गालापर्यंत येतात. त्यांचा सगळा भरवसा नजरेवर आणि कड्यांवर. पुमा लांबूनच दिसला पाहिजे आणि दिसताच उभ्या खडकावर चढून जाता आलं पाहिजे. म्हणून त्या डोंगरावर राहतात आणि सपाट माळाला भितात. मोहावीचा नकाशा पाहिलात तर डोंगररांगा समुद्रातल्या बेटांसारख्या विखुरलेल्या दिसतील. एकेका बेटावर एकेक कळप, कुठे शंभरेक जनावरं, कुठे जेमतेम वीस-पंचवीस.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. असा नकाशा पाहिला की मला ग्राफच दिसतो. डोंगर म्हणजे नोड, आणि दोन डोंगरांना जोडणारी माळावरची वाट म्हणजे एज. माजावर आलेला एखादा नर भीती गिळून माळ ओलांडतो आणि पलीकडच्या कळपात जातो. वर्षानुवर्षांत असे दोन-चारच जात असतील, पण तेवढ्याने दोन्ही कळपांचं रक्त ताजं राहतं. दुष्काळात एखादा डोंगर ओस पडला, तरी कधीतरी शेजारून कोणीतरी येऊन तो पुन्हा वसवतं. एकेकटा कळप दुबळा असतो, तरी जाळं टिकून राहतं.

आता या मेंढ्यांना वाचवण्याचा इतिहास बघा. तो जवळजवळ पूर्णपणे नोडचा इतिहास आहे. सोन्या-चांदीच्या खाणींच्या काळात बेसुमार शिकार झाली, तेव्हा कॅलिफोर्नियाने १८८३ मध्ये शिकारबंदी केली. पुढे डोंगरांत पाण्याची टाकी बांधली. १९९४ मध्ये कायदा करून मोहावीचा मोठा भाग राष्ट्रीय संरक्षणाखाली आणला. हे सगळं चांगलंच झालं. पण दोन डोंगरांमधल्या माळाकडे कोणाचं लक्ष नव्हतं, कारण तिथे मेंढी राहतच नाही. वर्षभर पाहणी केली तरी एकही दिसायची नाही. मग तो 'रिकामा'. आणि रिकामी जागा म्हटली की रस्ता, कालवा, वसाहत असं काहीही करायला मोकळी.

१९५६ मध्ये आयसेनहॉवर यांनी महामार्गांच्या कायद्यावर सही केली आणि पुढच्या वीसेक वर्षांत या रिकाम्या जागेतून इंटरस्टेट १५ आणि ४० गेले. लॉस एंजेलिसहून लास वेगासला गाडीने गेलेले आपल्याकडचे कितीतरी आयटीवाले याच १५ नंबरच्या रस्त्याने गेलेत. दोन्ही बाजूंना 'काहीच नाही' असं त्यांनी घरी फोनवर सांगितलं असेल.

१९९० मध्ये व्हर्नन ब्लाइक, जॉन वेहाउझेन आणि स्टीफन हॉल या तिघांनी एका शोधनिबंधात सरळ मांडलं की, मेंढ्या जिथे राहत नाहीत तो माळही त्यांचाच आहे, तो गेला तर डोंगर राखून उपयोग नाही. म्हणणं पटण्यासारखं होतं, पण पुरावा हवा होता.

तो मिळाला लेंड्यांतून. क्लिंटन एप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगर पालथे घालून लेंड्या गोळा केल्या, त्यांतला डीएनए तपासला आणि २७ कळपांची तुलना केली. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जिथे मध्ये महामार्ग, कालवा किंवा वस्ती आली होती, तिथे कळपांमधली जनुकांची देवाणघेवाण जवळपास शून्यावर आली होती. अवघ्या चाळीसेक वर्षांत काही कळपांची जनुकीय विविधता १५ टक्क्यांपर्यंत घटली होती. एकही गोळी न झाडता, एकही कायदा न मोडता.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडायला हवी. जाळ्यातून डेटा जातो तसा व्हायरसही जातो. २०१३ मध्ये मोहावीतल्या ओल्ड डॅड शिखराच्या परिसरात मेंढ्या न्यूमोनियाने मेल्या. पाळीव मेंढ्यांकडून येणारा हा रोग रानमेंढ्यांना सोसत नाही. त्याच वर्षी तो महामार्गाच्या दक्षिणेला, मार्बल डोंगरांतही सापडला. मग वाटा तोडलेल्याच बऱ्या का? मला तसं वाटत नाही. रोगातून वाचलेले पुन्हा वाढू शकतात. एकाकी कळपाला मात्र बाहेरून मदत येण्याची वाटच उरत नाही. रोगावर उपाय पाळीव कळप लांब ठेवण्याचा आहे, जाळं कापण्याचा नव्हे.

तुटलेली वाट जोडता येते, हे शेजारच्या ॲरिझोनाने दाखवलं. हूवर धरणाजवळ यूएस ९३ रुंद करताना आधी मेंढ्यांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे घातले, त्या रस्ता नेमका कुठे ओलांडतात ते पाहिलं आणि त्याच जागी, डोंगराच्या धारेला धरून, २०११ पर्यंत तीन पूल बांधले. पूल रस्त्यावरून नेले, कारण या जनावराला उंचावरून सगळं दिसावं लागतं. मेंढ्या ते पूल हजारो वेळा ओलांडून गेल्या. कॅलिफोर्नियात इंटरस्टेट १५ च्या मधोमध वेगासची जलदगती रेल्वे येणार आहे. तिच्यासोबत मेंढ्यांसाठी तीन पूल बांधायचा करार जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाला.

पण उशिराची किंमत असते. २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात बिगहॉर्नवरच एक अभ्यास आला. पिढ्यान्‌पिढ्या एकाच मुलखात राहिलेल्या कळपांतल्या बहुतेक मेंढ्या हंगामानुसार चाऱ्यामागे स्थलांतर करत होत्या. नव्या मुलखात नेऊन सोडलेल्यांपैकी दहा टक्केही करत नव्हत्या. वाट उपजत येत नाही, ती जुन्यांकडून शिकावी लागते, आणि नव्या जागी कळपाला ती उमगायला कित्येक दशकं जातात. सर्व्हरची तुटलेली केबल मी दहा मिनिटांत जोडतो आणि जाळं होतं तसं चालू होतं. कळपाचं तसं नाही. पूल दोन वर्षांत उभा राहील, पण त्याच्या पलीकडे काय आहे हे कळपाला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागेल.

म्हणून यापुढे कोणत्याही नकाशावर 'इथे काहीच नाही' असं दिसलं, तर मी आधी एवढंच विचारणार आहे की, इथून कोण जातं?