पत्र्याच्या पेटीतली फाळणी

नलिनी मालानी यांचा जन्म १९४६ साली कराचीत झाला; पुढच्याच वर्षी फाळणीने ते शहर परके केले. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुस्फोट झाले, तेव्हा मुंबईच्या या चित्रकर्तीने मंटोची ‘टोबा टेकसिंग’ कथा हाती घेतली. लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळातला बिशनसिंग दोन सरहद्दींमधल्या बेवारस जमिनीवर कोसळतो, ती ही कथा. कुंचल्याने भागेना म्हणून की काय, बाईंनी पत्र्याच्या पेट्यांत दूरचित्रवाणीचे संच मांडले. समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया एकाच साडीची घडी घालू पाहतात. घडी काही जमत नाही.

श्रोतेहो, वसमतला १९४८ पर्यंत निजामी होती. रझाकारांच्या धास्तीने मराठवाड्यातली कित्येक कुटुंबे शेजारच्या वऱ्हाडात गेली. त्यांच्या डोक्यावरही अशाच पेट्या होत्या.