घरकाम, गुन्हा आणि छंद : इंग्लंड व अमेरिकेतील घरगुती बिअरनिर्मितीचा इतिहास आणि अबकारी कायदा

प्रस्तावना

बिअर हे आज कारखान्यात तयार होणारे आणि बाटलीबंद स्वरूपात विकले जाणारे पेय म्हणून परिचित आहे. ती घरी तयार करणे हा इंग्लंड-अमेरिकेत फुरसतीतील एक छंद मानला जातो. इतिहासाकडे पाहिले असता मात्र हा क्रम उलटा असल्याचे दिसते. कित्येक शतके बिअर ही प्रथमतः घरातच तयार होणारी वस्तू होती. कारखाना नंतर आला आणि छंद तर त्याच्याही नंतर. दळण-कांडण किंवा लोणी काढणे यांप्रमाणेच बिअर करणे हे एक घरकाम होते. या घरकामाचा मधल्या काळात गुन्हा का झाला आणि पुढे त्याच कृतीला छंदाची प्रतिष्ठा कशी लाभली, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. या स्थित्यंतरात लोकांच्या आवडीनिवडीपेक्षा राज्यसंस्थेच्या महसुली धोरणाचा वाटा मोठा होता, असे येथे प्रतिपादन केले आहे. मद्यपान योग्य की अयोग्य, हा या लेखाचा विषय नाही.

१. घरकाम म्हणून बिअर

बिअर करण्याची मूळ प्रक्रिया साधी आहे. बार्ली म्हणजे सातू भिजवून त्यास मोड आणले जातात व ते वाळवले जातात. यालाच माल्ट म्हणतात. हे माल्ट भरडून साधारणतः ६५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ठेवले असता त्यातील पिष्टाचे साखरेत रूपांतर होते. तयार झालेला गोड द्रव गाळून, उकळून थंड केला जातो आणि त्यात यीस्ट मिसळले की तो आंबतो. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये या पेयाला 'एल' म्हणत. त्यात हॉप्स ही कडवट फुले घातली जात नसल्याने ते थोड्याच दिवसांत खराब होत असे. परिणामी एल थोड्या प्रमाणात पण वारंवार करावे लागे. घरात लागेल तेवढे ठेवून उरलेले शेजाऱ्यापाजाऱ्यांना विकले जाई. म्हणजे घरचा वापर आणि विक्री यांच्यात त्या काळी स्पष्ट सीमारेषा नव्हती, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

हे काम प्रामुख्याने स्त्रियांकडे होते. ज्युडिथ बेनेट यांनी इंग्लंडमधील स्त्री-मद्यकारांवर १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे तपशीलाने दाखवून दिले आहे. सन १३०० च्या सुमारास एल करणाऱ्यांत स्त्रियांचे प्राबल्य होते. १६०० पर्यंत हा व्यवसाय मोठ्या अंशी पुरुषांच्या हाती गेला. त्यामागे अनेक कारणे होती. पंधराव्या शतकात नेदरलँड्सच्या परिसरातून आलेली हॉप्सयुक्त बिअर इंग्लंडमध्ये रुजली. हॉप्समुळे बिअर अधिक काळ टिकू लागली. ती मोठ्या प्रमाणावर करून दूरवर पाठवणे शक्य झाले. मात्र त्यासाठी मोठी भांडी, साठवणुकीची जागा आणि भांडवल आवश्यक होते. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर कर्ज किंवा करार करणे जवळजवळ अशक्य असलेल्या समाजात या बदलाचा लाभ कोणाला मिळणार, हे उघड होते. तंत्र सुधारले, परंतु ते आजवर सांभाळणाऱ्यांच्या हातून काम निसटले.

अमेरिकेतील इंग्रज वसाहतींतही घरगुती बिअरची परंपरा होती. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या १७५७ मधील वहीत काकवी, कोंडा व हॉप्स वापरून सौम्य बिअर करण्याची कृती नोंदवलेली आढळते. थॉमस जेफर्सन यांच्या माँटिसेलो येथील घरात प्रारंभी त्यांच्या पत्नी मार्था या कामावर देखरेख करीत. १८१३ च्या सुमारास जोसेफ मिलर या इंग्रज मद्यकाराकडून पीटर हेमिंग्ज यांनी माल्ट व बिअर करण्याचे शिक्षण घेतले आणि पुढे माँटिसेलोची बिअर त्यांच्या हातून तयार होऊ लागली. पीटर हेमिंग्ज हे गुलाम होते. 'राष्ट्रनिर्मात्यांची घरगुती बिअर' असे कौतुकाने म्हटले जाते, तेव्हा त्यामागील श्रम कोणाचे होते, याचा विसर पडू नये.

२. इंग्लंड : माल्टवरील करापासून १८८० च्या कायद्यापर्यंत

इंग्लंडमध्ये १६९७ पासून माल्टवर कर होता. त्याशिवाय विक्रीसाठी केलेल्या बिअरवर वेगळा कर होता. घरगुती बिअर या दुसऱ्या करातून मुक्त होती. वरकरणी ही सवलत सर्वांसाठी होती; पण तिचा खरा लाभ स्वतःचे मद्यघर बाळगणाऱ्या जमीनदारांना होई. भांडी, इंधन व जागा यांच्या अभावी घरी बिअर करू न शकणारा मजूर गुत्त्यावरील महाग बिअर घेई आणि दोन्ही करांचा भार सोसे. १८३० मध्ये बिअरवरील कर रद्द झाला, तेव्हा ही विषमता पुष्कळशी दूर झाली. माल्टवरील कर मात्र कायम राहिला.

या कराविरुद्ध सर्वांत धारदार लेखन केले ते विल्यम कॉबेट यांनी. १८२१-२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कॉटेज इकॉनॉमी' या पुस्तकात त्यांनी शेतमजुरांनी भाकरी आणि बिअर घरीच करावी, असा आग्रह धरला. पूर्वीच्या पिढीत जवळजवळ प्रत्येक मजूर कुटुंबात बिअर होत असे. माल्टवरील करामुळे ही परंपरा मोडली आणि मजूर निःसत्त्व चहाकडे वळला, अशी त्यांची तक्रार होती. कॉबेट यांच्या गतकाळाच्या चित्रात अतिशयोक्ती असणे शक्य आहे. शिवाय सामायिक जमिनींना कुंपणे पडल्यामुळे इंधन दुर्मीळ होणे, शहरीकरण आणि स्वस्त होत गेलेला चहा ही कारणेही विसरता येत नाहीत. तथापि कर आणि चूल यांचा थेट संबंध त्यांनी अचूक ओळखला होता.

१८८० मध्ये ग्लॅडस्टन यांच्या सरकारने माल्टवरील कर रद्द केला आणि त्याऐवजी बिअरवर कर बसवला. आता कर ठरू लागला तो आंबवण्यापूर्वीच्या गोड द्रवाच्या घनतेवरून. शेतकऱ्यांची जुनी मागणी पूर्ण झाली. परंतु घरगुती बिअरच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ वेगळा होता. पूर्वी अबकारी अधिकाऱ्याचे काम माल्ट करणाऱ्याच्या दारापाशी संपत असे. आता करपात्र वस्तू स्वयंपाकघरातील भांड्यातच तयार होत असल्याने घरी बिअर करणाऱ्यालाही परवान्याच्या कक्षेत आणले गेले. कमी भाड्याच्या घरांसाठी सवलती ठेवल्या गेल्या, हे खरे; पण तत्त्व बदलले. घरातील एक नित्याचे काम हे राज्याच्या अनुमतीने करावयाचे काम ठरले. १८८७ च्या कायद्याने शेतमजुरांना वेतनाचा भाग म्हणून मद्य देण्यास मनाई झाली आणि शेतघरांवरील बिअरनिर्मितीचे आणखी एक प्रयोजन संपले.

३. अमेरिका : दारूबंदी आणि वगळलेली बिअर

अमेरिकेत घरगुती बिअरवर आघात झाला तो महसुलाच्या नव्हे, तर नीतीच्या नावाने. अठराव्या घटनादुरुस्तीनुसार १७ जानेवारी १९२० पासून देशभर दारूबंदी लागू झाली. तिच्या अंमलबजावणीसाठीच्या व्होल्स्टेड कायद्याने अर्धा टक्का किंवा त्याहून अधिक मद्यार्क असलेले पेय मादक ठरवले. याच कायद्यातील एका तरतुदीने फळांचा रस घरच्या वापरासाठी करण्यास वाव ठेवला होता. या फटीतून घरगुती द्राक्षमद्य सुखेनैव वाहू लागले. बिअरला अशी सवलत नव्हती.

तरीही बिअर घरोघरी होत राहिली. बंद पडलेल्या मद्यकारखान्यांनी हॉप्सचा स्वाद असलेले माल्ट सिरप बाजारात आणले. ते पाव भाजण्यासाठी असल्याचे सांगितले जाई. त्याचा प्रत्यक्ष उपयोग काय होतो, हे विकणारा आणि घेणारा दोघेही जाणत. या काळात घरी केलेल्या बिअरचा दर्जा बहुधा निकृष्ट असे, आणि 'घरची बिअर म्हणजे वाईट बिअर' हा समज पुढे कित्येक वर्षे टिकला.

५ डिसेंबर १९३३ रोजी दारूबंदी उठली. त्यानंतरच्या नियमांत कुटुंबप्रमुखाला घरच्या वापरासाठी वर्षाला २०० गॅलन द्राक्षमद्य करमुक्त करता येऊ लागले. बिअरचा उल्लेख मात्र राहून गेला. ही लेखनिकाची चूक होती, असे सांगितले जाते. कारण काहीही असो, घरी बिअर करणे हा आणखी ४५ वर्षे संघराज्याच्या कायद्याने गुन्हा राहिला.

४. १९६३ ते १९७९ : छंदाचा उदय

ब्रिटनमध्ये १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी घरगुती बिअरसाठीची परवान्याची अट रद्द केली. विक्रीवरील बंदी कायम राहिली. त्याच वर्षी सी. जे. जे. बेरी यांचे घरगुती बिअरवरील मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध झाले आणि १९७४ मध्ये डेव्ह लाइन यांचे 'द बिग बुक ऑफ ब्रूइंग' आले. माल्ट, हॉप्स व यीस्ट यांचे तयार संच दुकानांत मिळू लागले. पूर्वी आईकडून मुलीकडे जाणारे ज्ञान आता पुस्तकांतून व तापमापकाच्या आधारे शिकले जाऊ लागले. ते शिकणारा बव्हंशी पगारदार पुरुष होता.

या ब्रिटिश बदलाचा परिणाम अटलांटिकपलीकडे झाला. अमेरिकी नौदलातील जॅक मॅकऑलिफ हे १९६० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये नेमणुकीवर असताना तेथे मिळणाऱ्या संचांच्या साहाय्याने बिअर करण्यास शिकले. मायदेशी परतल्यावर १९७६ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे 'न्यू अल्बियन' हा छोटा मद्यकारखाना काढला. तो १९८२ मध्ये बंद पडला. परंतु त्याचे अनुकरण अनेकांनी केले. घरगुती बिअरच्या साहित्याचे दुकान चालवणारे केन ग्रॉसमन यांनी १९८० मध्ये 'सिएरा नेव्हाडा'ची पहिली बिअर तयार केली.

दरम्यान कायदा बदलण्याआधीच लोक एकत्र येऊ लागले होते. लॉस एंजेलिस परिसरात १९७४ मध्ये 'माल्टोज फाल्कन्स' हे मंडळ स्थापन झाले. अखेर सिनेटर अ‍ॅलन क्रॅन्स्टन यांच्या पुढाकाराने घरगुती बिअरच्या सवलतीची तरतूद एका कर विधेयकात समाविष्ट झाली. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यावर स्वाक्षरी केली आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून ती अमलात आली. एका प्रौढ व्यक्तीच्या घरात वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७९ लिटर, आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरात २०० गॅलन बिअर करमुक्त ठरली. १९७८ च्याच डिसेंबरात चार्ली पापाझियन यांच्या पुढाकाराने कोलोरॅडोतील बोल्डर येथे 'अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन'ची स्थापना झाली. त्यांचे गाजलेले मार्गदर्शक पुस्तक १९८४ मध्ये निघाले. मद्यविषयक कायदे करण्याचा अधिकार राज्यांकडेही असल्याने सर्वत्र मोकळीक मिळण्यास मात्र वेळ लागला. मिसिसिपी व अलाबामा ही शेवटची दोन राज्ये २०१३ मध्ये यात सामील झाली. १९७८ मध्ये शंभराहून कमी मद्यकारखाने उरलेल्या या देशात २०२२ पर्यंत त्यांची संख्या नऊ हजारांवर गेली. या वाढीची बरीचशी मुळे घरगुती प्रयोगांत आहेत.

५. 'विक्रीसाठी नाही' : छंदाची कायदेशीर व्याख्या

ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांतील सवलतींत एक अट समान आहे : घरी केलेली बिअर विकता येणार नाही. ही अट केवळ महसुलाचे रक्षण करीत नाही, तर ती छंदाची व्याख्याच करते. मध्ययुगीन स्त्री उरलेले एल विकून चार पैसे मिळवीत होती. आधुनिक छंदकार ते विकू शकत नाही. ज्या श्रमाला मोल घेता येत नाही आणि ज्यावाचून कोणाचे अडत नाही, तो श्रम छंद होतो. अर्थात असा श्रम परवडण्यासाठी पोट अन्यत्र भरलेले असावे लागते.

या संदर्भात मुंबई इलाख्याची तुलना उद्बोधक ठरते, कारण तेथेही राज्य त्याच साम्राज्याचे होते. ब्रिटनमधील १८८० च्या कायद्याच्या दोनच वर्षे आधी, १८७८ मध्ये, मुंबई अबकारी कायदा झाला. गावोगावच्या भट्ट्यांऐवजी मध्यवर्ती भट्ट्यांत मद्यनिर्मिती एकवटणे आणि ताडी-माडीच्या झाडांवर कर बसवणे हा या धोरणाचा गाभा होता. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. मोहाचे मद्य ऊर्ध्वपातनाने तयार होते, बिअर नव्हे. १९७८ ची अमेरिकी सवलतही ऊर्ध्वपातनास लागू नव्हती. हा भेद राखूनही साम्य लपत नाही. दोन्हीकडे घरच्या वा गावच्या वापराची वस्तू महसुलासाठी राज्याच्या नजरेखाली आली.

पुढील वाटा मात्र भिन्न झाल्या. ब्रिटनने १९६३ मध्ये परवाना काढून टाकला. इकडे १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने, जो आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो, परवान्याविना मद्यनिर्मिती हा गुन्हा ठरवला. घरगुती बिअरसाठी त्यात वेगळी सवलत नाही. २००९ मध्ये पुण्यात परवानाधारक लघु मद्यकारखाना सुरू झाला. म्हणजे ताजी बिअर महाराष्ट्रात आली ती छंदाच्या नव्हे, तर भांडवलाच्या वाटेने. याच्या दुसऱ्या बाजूचीही नोंद घेतली पाहिजे. गडचिरोलीतील १९९३ ची दारूबंदी लोकआंदोलनातून आली होती. तसेच १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांत मद्याच्या बंदीचा वा नियमनाचा प्रश्न ग्रामसभेच्या अधिकारकक्षेत आणला. निर्बंध कोण घालतो, महसूल गोळा करणारे सरकार की परिणाम भोगणारा समाज, यावर त्या निर्बंधाचा अर्थ अवलंबून असतो.

निष्कर्ष

घरगुती बिअरच्या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, घरकाम, गुन्हा आणि छंद या तीन अवस्थांत मूळ कृती फारशी बदलली नाही. बदलले ते तिला पाहणाऱ्या कायद्याचे स्थान. दुसरी, प्रत्येक टप्प्यावर ती कृती करणारे हात बदलले. स्त्रिया, गुलाम व मजूर यांचे काम त्यांच्याकडून सुटले आणि ते परत आले ते सुशिक्षित, सवड असलेल्या वर्गाच्या हाती. तिसरी, कायद्याने ही कृती मुक्त केली ती तिचे आर्थिक मूल्य काढून घेऊनच. म्हणून छंदाचा इतिहास हा केवळ फुरसतीचा इतिहास ठरत नाही. एकच कृती कोणाच्या घरात कौतुकाची ठरते आणि कोणाच्या घरात झडतीला कारण होते, हा प्रश्न तो अभ्यासकासमोर ठेवतो. आणि तो प्रश्न बिअरपुरता मर्यादित नाही.