देहाची मातृभाषा

उभे कसे राहावे, वळावे कसे, पाऊल कोणते आधी टाकावे, याचे शिक्षण नाट्यविद्यालयांतून पद्धतशीरपणे दिले जाते. परंतु ज्याला चालता येते त्याला चालावयास शिकवू लागले म्हणजे तो अडखळतो, हेही तितकेच खरे. हबीब तन्वीर यांच्या नाट्यजीवनाला जे वळण मिळाले, ते या सत्याच्या प्रचीतीमुळेच.

तन्वीर यांचा जन्म १९२३ साली रायपूर येथे झाला. भोसल्यांच्या अमलापासून नागपूरशी जोडलेले हे शहर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होते. साहजिकच तन्वीर पदवीसाठी नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आले. पुढे मुंबई व दिल्ली येथे नाट्यकार्य करून १९५५ साली ते इंग्लंडला गेले आणि तेथे त्यांनी अभिनयाचे व दिग्दर्शनाचे रीतसर शिक्षण घेतले.

त्याच वर्षी लंडनमध्ये एफ. एम. अलेक्झांडर हे गृहस्थ निवर्तले. मूळचे टास्मानियाचे हे नट. पाठांतरे म्हणताना त्यांचा आवाज बसू लागला, तेव्हा त्यांनी आरशापुढे उभे राहून स्वतःचे निरीक्षण केले. बोलू लागताच आपण मान मागे ओढतो व कंठ दाबतो, हे त्यांच्या ध्यानी आले. मान बळेच सरळ करू जावे, तो ताण अधिकच वाढे. शेवटी त्यांनी निष्कर्ष काढला, की योग्य ते करण्यापूर्वी अयोग्य ते थांबवावयास शिकले पाहिजे.

१९५८ साली तन्वीर स्वदेशी परतले. छत्तीसगढच्या ‘नाचा’ या लोकनाट्यातील काही कलावंतांना दिल्लीस नेऊन त्यांनी शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’वर आधारलेले ‘मिट्टी की गाडी’ रंगभूमीवर आणले. नाचा हा आपल्या तमाशाचा दूरचा भाऊच म्हणावा. उघड्या जागेवर भोवती प्रेक्षक बसलेले, खेळ रात्रभर चाललेला, आणि सोंगाड्याच्या जागी ‘जोक्कड’! ठाकुरराम, मदन निषाद, भुलवाराम यांसारखे नट या खेळात मुरलेले होते. प्रेक्षकांतून जिकडून दाद येई, तिकडे त्यांचे अंग आपोआप वळे.

अशा नटांना तन्वीर विलायती शिस्तीने हालचाली आखून देऊ लागले : येथून तिरपे चाला, येथे थांबा, मग बोला. परिणाम विपरीत झाला. उजवे कोणते आणि डावे कोणते, याचाच त्यांना घोटाळा होई. जे गावच्या मैदानात वाऱ्यासारखे वावरत, ते आखलेल्या रंगमंचावर अवघडून उभे राहत. त्यातच संवाद हिंदीत. म्हणजे जिभेचीही भाषा परकी आणि देहाचीही!

दोष नटांचा नसून पद्धतीचा आहे, हे उमगण्यास तन्वीर यांना बरीच वर्षे लागली. १९७३ साली रायपूर येथे भरविलेल्या नाचा-शिबिरात त्यांनी नटांना त्यांची छत्तीसगढी बोली आणि त्यांची मोकळी हालचाल परत दिली. तीन जुन्या प्रहसनांच्या गुंफणीतून ‘गाँव का नाम ससुराल, मोर नाम दामाद’ हे नाटक उभे राहिले. १९७५ साली ‘चरणदास चोर’ आले आणि १९८२ साली एडिंबरोच्या महोत्सवात त्याने ‘फ्रिंज फर्स्ट’ हा पुरस्कार मिळविला. भाषा न कळणाऱ्या प्रेक्षकांनाही त्या नटांचे देह बोलताना दिसले.

तथापि सहजता म्हणजे अशिक्षितपणा नव्हे. नाचातील नटाची मोकळी चाल ही शेकडो रात्रींच्या जागरणाची कमाई असते. ती प्रेक्षकांच्या सहवासात मिळालेली असल्याने तिच्यावर श्रमाचा डाग दिसत नाही, इतकेच. अलेक्झांडर यांना आरशाने जे शिकविले, ते तन्वीर यांना छत्तीसगढच्या ग्रामीण नटांनी शिकविले. गुरूने शिष्याची चाल बदलण्यापूर्वी ती नीट पाहावी, एवढा धडा या इतिहासातून घेण्याजोगा आहे.