लिस्बन : भूकंपाने नेलेले आणि ठेवलेले

पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे गेलेला प्रवासी बहुधा प्रथम टेगस नदीच्या काठच्या विस्तीर्ण चौकात येऊन उभा राहतो. या चौकाचे रीतसर नाव व्यापारचौक. परंतु लिस्बनवासी त्याला अजूनही ‘तेरैरू दु पासु’, म्हणजे राजवाड्याचे अंगण, असेच म्हणतात. अंगण आहे, राजवाडा मात्र नाही.

१ नोव्हेंबर १७५५ हा सर्व संतांच्या सणाचा दिवस होता. सकाळी साडेनऊच्या सुमारास, चर्चे भाविकांनी भरलेली असताना, धरणी हादरली. जीव घेऊन नदीकाठच्या मोकळ्या जागी धावलेल्यांवर काही वेळाने प्रचंड लाटा चालून आल्या. आणि वेदींवरील मेणबत्त्या व चुलींतला विस्तव यांनी लागलेली आग कित्येक दिवस शमली नाही. राजवाडा गेला, त्यातील ग्रंथसंग्रह गेला. त्याच वर्षी उघडलेले संगीत नाट्यगृहही गेले. पण अभ्यासकाला अधिक हळहळ वाटते ती ‘कासा दा इंडिया’ या कचेरीची. मिरी, लवंग, दालचिनी यांचे हिशेब आणि हिंदुस्थानच्या सफरींची कागदपत्रे तेथे ठेवलेली होती. ती सारी भस्मसात झाली.

चौकामागचे सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते म्हणजे प्रधान पोंबाल याने नव्याने उभे केलेले शहर. घरांच्या भिंतींत लाकडी पिंजऱ्यासारखा सांगाडा बसविण्याची युक्ती तेव्हाच निघाली; नमुन्याच्या सांगाड्याभोवती सैनिकांना पावले आपटीत चालवून त्याची परीक्षा घेतली, असे सांगतात. राजा दों जुझे मात्र इतका धास्तावला, की पुढे तो आजुदाच्या टेकडीवर लाकडी वाड्यातच राहिला. चौकात १७७५ साली बसविलेला त्याचा अश्वारूढ पुतळा पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी! वरच्या अंगाला कार्मु मठाच्या चर्चचे छप्पर पुन्हा घातलेच नाही. त्याच्या कमानींतून आजही आकाश दिसते.

नदीच्या मुखाकडील बेलें हा भाग मात्र बराचसा बचावला. मिऱ्यांच्या व्यापारावरील कराच्या पैशांतून सोळाव्या शतकात उभारलेला जेरोनिमुश मठ तेथे आहे. त्याच्या खांबांवर दोरखंड, फुले, सागरी प्राणी कोरलेले आहेत. १५२४ साली कोचीन येथे वारलेल्या वास्को द गामाची कबर याच मठात आहे. जवळच्या बेलें बुरुजाच्या एका कोपऱ्याखाली गेंड्याचे झिजलेले मस्तक दिसते. गुजरातचा सुलतान मुजफ्फर याने दिलेला गेंडा आल्बुकेर्कने गोव्याहून जहाजात चढविला. तो मे १५१५ मध्ये लिस्बनला उतरला, तेव्हा सारे शहर पाहावयास लोटले. मिऱ्यांच्या पैशाचे मंदिर उभे राहिले, त्या पैशाचे चोपडे जळाले. प्रवाशाला येथे जे दिसते ते असे अर्धेच आहे.

राज्याचे मुख्य दप्तर, ‘तोर्रे दु तोंबु’, हे किल्ल्यातील ज्या बुरुजात होते तोही कोसळला. परंतु दप्तराचा प्रमुख, ऐंशीच्या घरातला लष्करी अभियंता मानुएल द माया, याने ढिगाऱ्यांतून कागद उपसून काढले आणि लाकडी खोपटात रचून ठेवले. १९९० पासून त्यांना स्वतंत्र नवी इमारत लाभली आहे. लिस्बनची स्थळे पाहणारे तिकडे क्वचितच फिरकतात, हे खरे.

कचेरीतून जे नाहीसे झाले, त्यातील काही भाग दुसऱ्या टोकाला शिल्लक होता. गोव्यात १५९५ साली स्वतंत्र दप्तरखाना स्थापन झाला होता. दियोगु दु कौतु हा त्याचा पहिला अधिकारी. मोसमी वाऱ्यांबरोबर येणाऱ्या जहाजांतून राजाची पत्रे येत, आणि ती येथील उत्तरांच्या नकलांसह बांधून ठेवीत. यांतील काही बाडे पुढे लिस्बनला गेली, पुष्कळशी पणजीस राहिली. मराठे व पोर्तुगीज यांच्यातील युद्धे, तह आणि वकिलाती यांचा कितीतरी वृत्तांत डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी उजेडात आणला, तो याच दप्तरातून.