उद्गारचिन्हाचं गोत्र

एरलँग या प्रोग्रॅमिंग भाषेत निरोप धाडायचा तर डावीकडे पत्ता, उजवीकडे निरोप आणि मधे एक उद्गारचिन्ह: ‘पत्ता ! निरोप’. हे चिन्ह आलं कुठून, या प्रश्नाने माझा पिच्छाच पुरवला.

रूढ वंशावळ सोपी आहे. १९७३ साली कार्ल ह्यूइट आणि सहकाऱ्यांनी ‘अ‍ॅक्टर’ मांडला: आपलं आपल्यापाशी ठेवणारा, इतरांशी निरोपानेच बोलणारा. १९८६च्या सुमारास एरिक्सनमध्ये जो आर्मस्ट्राँग आणि मंडळींनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी एरलँग रचायला घेतली. तिच्यातल्या ‘प्रक्रिया’ही एकमेकींशी निरोपानेच बोलतात, म्हणून ह्यूइट आजोबा! पण एरलँग घडवणाऱ्यांपैकी रॉबर्ट व्हर्डिंग सांगतात, तेव्हा आम्हाला अ‍ॅक्टर ठाऊकच नव्हता. म्हणजे हे गोत्र मागाहून चिकटलेलं.

चिन्हासाठी पहिला संशय प्रोलॉग या भाषेवर जातो. एरलँगची पहिली आवृत्ती तिच्यातच लिहिली होती आणि प्रोलॉगमध्ये ‘!’ म्हणजे ‘आता मागे फिरायचं नाही’. सुटलेला निरोपही परत येत नाही, तेव्हा मोह होतो. पण ते चिन्ह एकटंच उभं असतं, त्याला ना डावं ना उजवं. उलट टोनी होअर यांच्या, एकमेकांशी बोलणाऱ्या प्रक्रियांवरच्या १९७८च्या लेखात ‘!’ म्हणजे देणं, ‘?’ म्हणजे घेणं, आणि ‘!’च्या डावीकडे घेणारा, उजवीकडे माल. माझं मत होअरच्या पारड्यात.

गंमत अशी की चिन्ह घेतलं, अर्थ मात्र उलटला. होअरकडे व्यवहार हातोहात: घेणारा तयार होईपर्यंत देणारा ताटकळतो. एरलँगमध्ये पत्र पेटीत टाकायचं आणि चालू लागायचं. एक सुस्त ग्राहक म्हणून सगळी रांग तुंबत नाही (त्याची पेटी मात्र फुगत जाते, ते दुखणं वेगळं). शिवाय नवी प्रक्रिया सुरुवातीला अडीच किलोबाइटच्या आसपास जागा खाते, म्हणून दर जोडणीला एक दिली तरी परवडतं. व्हॉट्सअ‍ॅपने २०१२ साली एरलँगच्याच जोरावर एका सर्व्हरवर वीस लाखांहून जास्त जोडण्या पेलल्याचं जाहीर केलं. तुमच्या सकाळच्या ‘सुप्रभात’मागे हेच चिन्ह.

आणि होअरचं ‘?’? एरलँगने ते ‘घेण्या’साठी वापरलंच नाही, तिथे ‘रिसीव्ह’ हा आख्खा शब्द आला. पुढे २००९च्या ‘अक्का’ या अ‍ॅक्टर-लायब्ररीने (आपली अक्का नव्हे, नाव स्वीडनमधल्या डोंगराचं) ‘!’ ठेवलं आणि ‘?’ पुन्हा आणलं. पण तिथे त्याचा अर्थ ‘विचार’: प्रश्न टाकायचा आणि उत्तराची पावती खिशात घालून कामाला लागायचं.