राउटरचा मालक कोण?

कोरीट येथील माझ्या घरीं भिंतीवर राउटर नांवाची एक लहानशी पेटी टांगलेली आहे. दाम मोजून घेतलेल्या या पेटीचा मी कितपत मालक आहें, हा प्रश्न आज मला आपणांपुढें मांडावयाचा आहे.

सन २००२ च्या अखेरीस अमेरिकेंतील लिंक्सिस कंपनीनें डब्ल्यूआरटी-५४-जी हा निळा-काळा राउटर बाजारांत आणला. जून २००३ मध्यें कांहीं चौकस मंडळींनीं दाखवून दिलें कीं, त्याच्या पोटांत लिनक्स प्रणाली आहे. तिचा जीपीएल परवाना मोठा उदार. अट एवढीच कीं, प्रणाली घालून वस्तु विकणाऱ्यानें तिचें मूळ लिखाणही गिऱ्हाइकास द्यावें. कंपनीनें तें दिलें नव्हतें! बोभाटा झाला, आणि त्याच वर्षीं लिखाण खुलें करावें लागलें. त्यांतूनच २००४ सालीं ओपन-डब्ल्यूआरटीचा जन्म झाला.

तोंवर यंत्रांतील प्रणाली, म्हणजे फर्मवेअर, एकसंध असे. एक सोय वाढवावयाची तर सगळेंच पुन्हां रचावें लागे. नव्या मंडळींनीं सोयी निरनिराळ्या पुडक्यांत बांधल्या आणि त्यांवर एक कारभारी नेमला. हाच पॅकेज मॅनेजर. प्रथम आयपीकेजी, मागाहून ओपीकेजी. कोणत्या पुडक्यास दुसरें कोणतें लागतें, कोणती फाइल कोठें ठेवली, हें तो वाण्याच्या चोपडीप्रमाणें नोंदून ठेवतो. पेटींत जागा अवघी ४ मेगाबाइट. तेव्हां लागेल तेवढेंच आणणें भाग होतें.

ज्या फर्मवेअरांत असा कारभारी नाहीं, त्यांच्यासाठीं ऑप्टवेअर उपयोगी पडलें. तें मुळांत लिंक्सिसच्याच एनएसएलयू-२ या साठवण-यंत्रासाठीं हौशी मंडळींनीं रचलें होतें. त्याची जागा पुढें एंटवेअरनें घेतली. रीत सोपी आहे. यूएसबीची खांच असलेल्या राउटरला लिनक्सच्या पद्धतीनें तयार केलेला पेन-ड्राइव्ह लावावयाचा, तो 'ऑप्ट' या जागीं जोडावयाचा, आणि पुडकीं तेथेंच उतरवावयाचीं. मूळ फर्मवेअरला धक्का लागत नाहीं. फर्मवेअरच बदलण्याचें काम मात्र जोखमीचें. माझी पहिली पेटी तें चालू असतांना वीज गेल्यानें कायमची निजली.

२००५ च्या सुमारास कंपनीनें त्या राउटरच्या पांचव्या आवृत्तींत जागा निम्मी केली आणि लिनक्सही काढून टाकलें. पण गिऱ्हाइकें लिनक्सच मागूं लागलीं. तेव्हां त्यांच्यासाठीं डब्ल्यूआरटी-५४-जीएल हा वेगळा राउटर काढावा लागला, आणि तो पुढें दहा वर्षें विकला गेला.