पाणघोड्याचे चित्र आणि ओझ्याचा माणूस

‘सफारी’ हा शब्द स्वाहिलीत अरबीतून आला. आपली ‘सफर’ही त्याच घराण्यातली. आज तो मौजेचा शब्द झाला आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेत सफारी म्हणजे डोक्यावर ओझे घेऊन चालणाऱ्या माणसांची रांग. त्सेत्से माशीच्या दंशाने बैल-घोडे मरत, म्हणून माल वाहायला माणूसच उरे. एकेकाच्या वाट्याला सुमारे ६० पौंड!

पाणघोड्याचे एक जुने प्रसिद्ध छायाचित्र १८५२ सालचे, लंडनच्या प्राणिसंग्रहालयातले. ओबायश नावाचे हे जनावर १८४९ साली नाईलकाठी पकडलेले. चित्रात ते स्वस्थ पडले आहे आणि गजांमागे उभे राहून बघे त्याच्याकडे पाहत आहेत; कोंडलेली दिसतात ती माणसेच.

रानातली गोष्ट वेगळी. पाणघोडा दिवसभर पाण्यात बुडून असतो; वर दिसतात डोळे, कान आणि नाकपुड्या. चित्र काढले तर चार काळे गोटे उमटायचे. जवळ जावे तर तो होडी उलटवतो, आणि त्या होडीत साहेबाबरोबर वल्हेकरीही असतो, हे विसरू नये. सगळा देह घेऊन तो काठावर येतो तो बहुधा रात्री, गवत चरायला. म्हणजे प्रश्न उरला अंधाराचा.

अंधारावर तोड काढणाऱ्यांत कार्ल गेऑर्ग शिलिंग्स हा जर्मन शिकारी मोठा. जर्मन पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीवर, त्याने मॅग्नेशियमच्या पुडीचा लखलखाट करून रात्रीची जनावरे टिपली. कुठे बैल बांधून ठेवी, कुठे दोरी ताणून ठेवी. जनावराचा धक्का लागला की भडका उडे आणि चित्र निघे. १९०५ चे त्याचे पुस्तक युरोपात गाजले. स्वतः पुष्कळ जनावरे मारलेला हा गृहस्थ पुढे त्यांच्या रक्षणाची बाजू मांडू लागला, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

पण अवजड कॅमेरे, काचेच्या प्लेटा, रसायने, तंबू हे सारे पाण्यापर्यंत चालत गेले नव्हते. एक प्लेट फुटली तर रात्र फुकट. म्हणजे ओझेकऱ्याने ठेच न खाता चालणे हाही छायाचित्रणाचाच भाग होता. पुस्तकावर नाव मात्र एकट्या शिलिंग्सचे. त्याच वर्षी त्याच मुलुखात सक्तीच्या कापूस-लागवडीविरुद्ध माजी-माजीचा उठाव पेटला. ‘माजी’ म्हणजे पाणी. मंतरलेल्या पाण्याने गोळ्यांचेही पाणी होईल असा लोकांचा विश्वास होता. तसे झाले नाही. १९०७ पर्यंत चाललेल्या दडपणुकीत आणि दुष्काळात माणसे लाखांनी मेली.

पुढे १९१४ च्या महायुद्धात हीच ओझी लष्कराची झाली. एकट्या इंग्रजांच्या बाजूचे ४० हजारांहून अधिक वाहक मेले, बरेचसे रोगराईने. त्यांच्या पलटणीचे इंग्रजी नाव ‘कॅरिअर कोअर’. लोकांच्या तोंडी त्याचे रूप बदलले, आणि नैरोबीत ‘कारियाकोर’ व दार-एस-सलाममध्ये ‘कारियाकू’ या नावांच्या वस्त्या आजही आहेत. दोन्हीकडे मोठा बाजार भरतो.